पोटखराब

सातबाऱ्यावर या जमिनीला एकच शब्द आहे.
मी तो रोज लिहिते,
हेक्टर, आर, आकार,
आणि शेजारच्या रकान्यात: पोटखराब.
जणू शेंगा खाऊन वर पाणी प्यालेलं पोर.

आज मोजणी मार्डीच्या रस्त्याला.
चुन्याच्या रेघा त्यांनी आधीच मारून ठेवल्यात,
कमानही उभी आहे, नुसती कमान,
पलीकडे वारा.
"मॅडम, इथं काहीच नाही बघा,"
प्लॉटवाल्यांचा माणूस माझ्यावर छत्री धरून म्हणतो.

गुडघाभर कुसळी.
तरवडाचा पिवळा.
हिवराच्या काट्यांत गुंतलेलं सूत,
चादरीचा लाल, चादरीचा मोरपंखी;
कारखान्यांची चिंधी रात्री ट्रॉलीतून येते,
ओतली जाते, कधी पेटवली जाते,
मग दोन दिवस माळाला
जळक्या कपड्याचा वास.
शहर इतकं जवळ आलंय
की प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू येते.

मी दुसरीत असताना आप्पा इथं खड्डे खणायचे.
दीड फूट लांब, दीड रुंद, दीड खोल,
मुरमाला कुदळ लागली की ठिणगी.
साहेब सांगायचे, उजाड आहे, वन करायचंय.
प्रत्येक खड्ड्यात उंदीरमारी,
शेरडं तोंड लावत नाहीत म्हणून.
ती जगली. फार जगली.
तिच्या सावलीत गवत उगवलं नाही,
गवताबरोबर टोळ गेले,
टोळांमागं कोण कोण गेलं
त्याची नोंद ठेवायला रकानाच नव्हता.
हिरव्या फोटोत आप्पा तिसऱ्या रांगेत उभे आहेत,
टोपी काढून, छाती काढून.

एक खड्डा मात्र त्यांनी खणला नाही म्हणे.
फक्कीची खूण होती तिथं दोन अंडी होती,
खड्यांत खड्यासारखी.
मुकादमानं एका खड्ड्याचे पैसे कापले.
आई ते पैसे अजून मोजते, हसत.

माझ्या हातातलं यंत्र
आभाळातल्या उपग्रहांशी बोलतं,
दोन बोटांचीही चूक करत नाही.
खूण क्रमांक चौदा
एका वाटीएवढ्या खळग्यापासून वीतभरावर पडली.
खळग्यात गवताची काडी, लाल सूत, परत गवताची काडी.
चंडोल असावा.
रिकामं होतं, की थोड्या वेळासाठी रिकामं होतं,
मला कळलं नाही.
खुंटी मी दगडानं ठोकली, सावकाश,
जशी झोपलेल्या घरात
भिंतीला खिळा मारतात.
वीतभरही सरकवली नाही.
आकडा कुणाच्या तरी सहीनं पुढं जाणार होता,
माझ्या सहीनं.

येताना उसाचा रस पाजला त्या माणसानं,
बर्फ जास्त घालून.

रात्री आप्पा विचारतात,
"आज काय मोजायलीस गं?"
"काहीच नव्हतं तिथं," मी म्हणते
आणि कडक भाकरी आमटीत चुरत राहते.
ते माझ्या सलवारीकडं बघतात.
कुसळं, घोट्यापासून वर, शंभरेक.
चष्मा लावून ते एक एक उपसतात,
दाराच्या उजेडात, मी लहान असल्यासारखी.
"ह्ये मेलं न्हाई अजून," म्हणतात,
आणि तळहातावर एक ठेवून
तांब्यातलं पाणी बोटानं शिंपडतात.

कुसळ ओलं होतं.
पीळ सुटायला लागतो,
सावकाश गिरकी घेत ते सरकतं,
आप्पांच्या घट्ट्यांमधून
माती शोधत.