बुधवारपर्यंत

कलिन्यात, चर्चमागच्या गल्लीत
इफेओमाचं दुकान: दोन खुर्च्या, एक पंखा,
आणि केर काढायला मी.

शनिवारी रेन्जी आला, नागोयाचा,
कंपनीनं सहा महिन्यांसाठी धाडलेला.
जर्सी गुडघ्यापर्यंत, मोबाइलमध्ये फोटो
कुणा अमेरिकन गाणाऱ्याचा:
टाळूला चिकटलेल्या नऊ वेण्या.
"अश्शाच."

इफेओमानं केसांत बोटं घातली, हसली,
"बोंबलासारखे निसटतायत."
मेण चोपडलं, विकतचे केस गुंफले.
पाच तास.
त्याचे डोळे पाणावले, पण मान हलली नाही.

सातव्या वेणीला तिनं सहज विचारलं,
"ऑफिसात काय म्हणतात?"
"कूल म्हणतात."
"मला म्हणाले होते, केस नीट करून ये,
मग नोकरीचं बघू."

तो आरशातून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.
"सॉरी," म्हणाला. कशाबद्दल, ते त्यालाही ठाऊक नसावं.
तिनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी सरळ केलं
आणि शेपटीच्या कंगव्यानं आठवा भांग काढला,
दोरी धरल्यासारखा.

तो गेला. गल्लीतली पोरं मागोमाग, सेल्फीला.
याच पोरांचा तिच्यासाठी एक शब्द आहे.
शाळेत तोच मला होता,
माझ्या कुरळ्या केसांवरून.
तिनं अर्थ विचारला तेव्हा मी म्हटलं होतं,
काही नाही गं, नाव आहे कुणाचं तरी.

बोटांना बाम चोळत ती म्हणाली,
"तुझे सोड एकदा मोकळे. मी घालते वेण्या, फुकट."
मी रुमाल आणखी घट्ट बांधला.
आत आठशे रुपयांची इस्त्री होती,
बुधवारपर्यंत टिकवायची.
बुधवारी माणसं बघायला येणार होती.