वाऱ्याक पेज

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
काचेच्या बारा बशा पिशवीत घालून मी निघते.
तळाशी घट्ट झालेला अगर, पिवळट, नितळ.
वेंगुर्ल्यात बारा ठिकाणी
पाच-पाच मिनिटं झाकण काढून बसायचं,
एवढंच माझं संशोधन.

बंदरावर जाळं तुणत बसलेला रेमेत म्हातारा
पहिल्याच दिवशी म्हणाला,
"वाऱ्याक पेज घालतंस गो?"
मी हो म्हटलं.
त्याहून बरं मला अजून सांगता आलेलं नाही.

आषाढात बाहेरची हवा धुतलेली असते,
बशीत फार काही उतरत नाही.
बुरशी तेव्हा घरात भाड्याने राहते:
चपलेच्या पट्ट्यावर, लग्नाच्या अल्बमात,
बँकेच्या पासबुकावर, जिथे शिल्लक लिहिलेली असते
नेमकी तिथे.

मग भादवा सरतो, भात पोटरीला येतं,
ऊन आणि ओल एकमेकांना सोडत नाहीत,
आणि वारा भरून चालू लागतो.
चाळीस ठिपके. बासष्ट. एकदा तर एकशे अकरा.
क्लॅडोस्पोरियमची शेवाळी मखमल,
अल्टरनेरियाचे काळपट डाग,
मी एकेकावर पेनाने टिंब देत मोजते,
लहानपणी चांदण्या मोजताना चुकायचे तशी चुकते,
पुन्हा पहिल्यापासून.

तुळशीच्या लग्नाआधी बाबल मेस्त्रीने
दशावताराचा पेटारा उघडला.
संकासुराच्या काळ्या टोपीवर पांढरी लव.
"ह्यो पावसात म्हातारो झालो," म्हणाला,
आणि टोपी मांडीवर आपटली.
मी बशी झाकायला विसरले.
ती मोजणी बाद करावी लागली.

वैशाखात आकडे खाली येतात:
तीन, दोन, कचेरीच्या दफ्तरखान्यात शून्य.
रत्नागिरीहून सर फोनवर म्हणाले,
छान, उतरती कमान सुंदर आली आहे.

त्याच दफ्तरखान्यात शेवंती जाधव झाडू मारते.
सातबाऱ्यांच्या गठ्ठ्यांखालून
कित्येक वर्षांची धूळ ओढून काढते,
आणि दर चार फटक्यांनी थांबते,
खिडकीची गजं धरून खोकते.
मी जायची ती सकाळी दहाला,
धूळ बसल्यावर.
ती यायची साताला.

"एक वाटी माका दी," म्हणाली,
"आत काय जाता, ता माका बगूचा हा."
दिली. पाच मिनिटं असं बजावून दिली.
तिने ती झाडून होईपर्यंत उघडी ठेवली,
पाऊण तास, खिडकीच्या कट्ट्यावर,
आपल्या तोंडाच्या उंचीला.

चौथ्या दिवशी मी बशी उजेडात धरली.
उजेड पलीकडून आला नाही.
काळं, हिरवं, हळदीसारखं पिवळं,
एकावर एक चढलेलं, टिंब द्यायला जागा नव्हती.
वहीत वैशाखाच्या रकान्यात
मी शाईने शून्य लिहिलेलं होतं,
आणि उरलेले रकाने हवेचे होते.
धुळीला मी रकाना आखला नव्हता.

मंगळवारी साताला गेले.
"उगवला?" तिने विचारलं.
"भरून."
"मगे? मी काय खोटा बोलत होतंय?"

पदर नाकावर ओढून
तिने बादलीत हात बुडवला,
जमिनीवर पाणी शिंपडलं,
आणि मला म्हणाली, सर जरा,
तुझ्या पायाखालची ऱ्हवली.