कुठला काळा?

अकरा वर्षं मी हीच बस चालवतेय,
गॅरी शहरात, पोलादाच्या कारखान्यापासून दवाखान्यापर्यंत.
कारखान्याला आता धूर कमी, दवाखान्याला रांग जास्त.
थांब्यांवर छप्पर नाही, बाकडं नाही,
नुसता खांब, आणि सरोवरावरून येणारा वारा
जो कुणाचाच सगा नाही.

त्या खांबाला टेकून मिस ओडेल उभी असायची,
रात्रभर दुसऱ्यांच्या आयांना कुशीवर वळवून आलेली,
एक बूट काढून, करकोच्यासारखी.

मग एका सोमवारी तिथे खुर्ची.

अलॉन्झो टिब्सनं केलेली.
भट्टीवर चौतीस वर्षं काढलेला माणूस.
ओस पडलेल्या घरांची दारं आणतो तो ढकलगाडीतून,
ज्यांच्यावर आता कुणी टकटक करत नाही.
मी विचारलं, हे कशापायी?
म्हणाला, "माझी आई मिसिसिपीत
रिकाम्या बाकांच्या मागे उभी राहून जायची कामाला.
पोटात मी.
म्हणजे बघ, जन्माला यायच्या आधीपासून
मी उभाच होतो."
आणि हसला, सोन्याचा एक दात दाखवत.

रंगाची गोष्ट वेगळीच.
दुकानातल्या पोरानं त्याच्यापुढे पत्रक धरलं.
पांढरे एकोणतीस:
दुधी, मोतिया, हस्तिदंती, साईचा, शिंपल्याचा,
पहिल्या बर्फाचा, दुसऱ्या बर्फाचासुद्धा.
काळा एक.
नाव: काळा.

"कुठला काळा?" अलॉन्झोनं विचारलं.
पोरगं म्हणालं, "काळा म्हणजे काळा."

तेव्हापासून तो घरीच कालवतो,
कॉफीच्या रिकाम्या डब्यांत, पळीनं,
जीभ दातांत धरून.
दवाखान्यासमोरची खुर्ची म्हणजे आईचं कोपर,
बिडाच्या तव्यावर तेलाचा बोळा फिरवला की येते ती झाक.
शाळेपाशी भाऊ अर्ल,
काकवीची धार उन्हात धरावी तसा.
चर्चजवळ बायको, अर्नेस्टीन.
पिकल्या प्लमवरची धूळ अंगठ्यानं पुसली
की खालून उमटतं ते जांभळं.
ती खुर्ची त्यानं तीनदा खरवडली.
"एवढी फिकट नव्हती ती," पुटपुटत,
"एवढी गप्पही नव्हती."

एक म्हातारा बसमध्ये चढता चढता मला म्हणाला,
कुणाच्या तरी मांडीवरून उठून आल्यासारखं वाटतंय.

मार्चमध्ये नगरपालिकेची नोटीस.
विनापरवाना आसने.
चार उचलली. अर्नेस्टीनही गेली,
दुसऱ्यांदा.
पाचवी उचलायला आलेला डर्विन फॉर्म भरायला म्हणून टेकला,
तो टेकलाच.
गुडघा चोळत म्हणाला, "कुणाची आहे ही?"
मी खिडकीतून सांगितलं, "अर्लची."
त्यानं रकान्यात लिहिलं, आढळली नाही.
नगरपालिकेच्या कागदावरचं म्हणजे
काळ्या दगडावरची रेघ.

उन्हाळ्यात अलॉन्झोचा खुबा बदलला.
कुबड्या टेकत घरी आला तर पायरीवर खुर्ची,
वाकडी, चार पायांची चार मतं.
जॅनियाची करणी. वय नऊ, पलीकडचं तिसरं घर.
रंग मात्र हुबेहूब.
कसा जुळवलास, तर म्हणाली,
"तुम्ही दवाखान्यात झोपला होतात ना,
तेव्हा डबा घेऊन आले होते.
तुमच्या हाताशी धरून बघायचे, परत ढवळायचे.
कुणी रागावलं नाही.
मिस ओडेलची पाळी होती."

तो किती तरी वेळ त्या रंगाकडे बघत राहिला.
स्वतःच्या हाताकडे, परत खुर्चीकडे.
"हा कुठला काळा गं?"
"तुमचा."

खुर्ची डुगडुगत होती.
त्यानं खिशातून नगरपालिकेची नोटीस काढली,
घडी घातली, अजून एक घडी,
आणि आखूड पायाखाली सारली.

मी बस थांबवलेली, थांबा नसताना.
मागून कुणी घाई केली नाही.
जॅनिया म्हणाली,
"बसा."