रकान्यातली चांदणी

रविवारी मार्केट यार्डात सौदा नसतो.
हळदीचा वास मात्र सुट्टी घेत नाही,
दुसऱ्या मजल्यावर, सर्व्हरच्या खोलीत,
एसीच्या जाळीतून येऊन कीबोर्डवर बसतो.

अकरा शाखा, त्र्याऐंशी कॉम्प्युटर
आणि खुर्ची एक.
पतसंस्थेनं मला दिलेलं राज्य
एका पडद्यात मावतं.

यादी काढली तेव्हा कळलं
ब्राउझरला कोण काय काय जोडून बसलंय.
पलूसला कूपन शोधणारं,
विट्याला दर अर्ध्या तासानं ‘पाणी प्या’ म्हणणारं,
जतला पाऊस सांगणारं. जतला!
आणि शिराळ्यात, नागांच्या गावात,
कॅशियरच्या पडद्याच्या कोपऱ्यात झोपलेलं
नुसतं एक मांजर.

मांजराच्या परवानगीत लिहिलं होतं:
सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती
वाचणे आणि बदलणे.
डोळे मिटून दूध पितं, हे ऐकून होतो.
खातेउतारे पितं, हे नव्हतं ऐकलं.

मग मी बंदीच्या रकान्यात एक चांदणी ठेवली.
आमच्या धंद्यात चांदणी म्हणजे सगळं,
नाव नको, गाव नको, चौकशी नको.
परवानगीच्या रकान्यात फक्त तीन,
बत्तीस बत्तीस अक्षरांची,
कुणाच्याच जिभेवर न बसणारी नावं.
एंटर दाबलं, घरी गेलो,
भडंग खाल्लं, झोपलो.

सोमवारी साडेदहाला फोन सुरू झाले.
“मगदूम साहेब, माझं मांजर मेलं का ओ?”
“आमचा पाऊस कुठं गेला?”
विट्याची मंडळी
पाणी न पिता कामाला लागली होती.
मी चहा पीत एकच वाक्य सगळ्यांना वाटत होतो:
संचालक मंडळाचा ठराव आहे.
(ठराव मीच टाईप केलेला.)

अकराच्या पुढं कवठेमहांकाळहून शहनाज कोरबू,
ठेवी विभाग, नोकरी अठरा वर्षं.
तक्रार नव्हती. आवाज दबका.
“साहेब, आज अक्षरं बारीक झालीत का?
की मला एकटीलाच?”

यादीत होतं की ते.
‘अक्षरं मोठी, मागचा रंग पिवळट.’
मी वाचलं होतं
आणि पुढच्या ओळीवर गेलो होतो.
लेकीनं घालून दिलेलं, तीन वर्षांपूर्वी.
ऑफिसात कुणाला बोलली नव्हती,
डोळ्याचं नाव निघालं की
काउंटरवरून उठवतात माणसाला.

त्याचीही परवानगी मांजराचीच:
वाचणे आणि बदलणे, सगळं.
डबा तसाच ठेवून आतला कोड उघडला,
ओळ न् ओळ पाहिली.
अक्षरं मोठी करत होतं.
दुसरं काही करत नव्हतं.

अपवादाच्या अर्जात ‘कारण’ असा रकाना आहे.
‘डोळे’ लिहिलं. खोडलं.
तिनं सांगितलं नाही, तर मी कोण सांगणार?
‘कामाची गरज’ लिहिलं
आणि चौथं नाव चढवलं.
“दिसतंय,” ती म्हणाली. एवढंच.

मग फोन थांबले तेव्हा सहज मोजलं:
पॉलिसी लागू, ब्याऐंशी यंत्रं.
त्र्याऐंशीवं माझं होतं,
‘अपवाद’ नावाच्या गटात,
मीच केव्हातरी नेऊन ठेवलेलं.
त्यात सात जोडण्या निघाल्या.
एक कधी घेतली, का घेतली,
अजून आठवत नाही.
तीही वाचत होती. सगळं.

माझं यंत्र उचलून बाकीच्यांत टाकलं.
बंद करून चालू केलं.
मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आली:
हा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या ताब्यात आहे.
चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचली.

जतचा फोन अजून येतो, आठवड्याला एकदा.
“तेवढं पावसाचं बघा की ओ.”
बघतो, म्हणतो.
बघण्यासारखं काही नसतं.
खिडकीखाली हमाल पोती मोजत असतात,
आणि चांदणी रकान्यात असते.