टीपकागद

पहिल्यांदा ती मी न्हाणीघरातल्या टबात सोडली.
टब सव्वा मीटर, पाणबुडी ऐंशी सेंटिमीटर;
वळायलाच जागा नव्हती,
म्हणून तिचे सगळे दोष मला गुण वाटले.

मग रविवारी, एम्डेनबाहेरच्या वाळूच्या खाणीत
(आता तिथे तळं आहे, काठाला बर्फाची पातळ किनार),
बेकरीतल्या रात्रपाळीचं पीठ अजून कोपरांना,
तशीच मी तिला पाण्यात ठेवली
आणि काडी पुढे ढकलली.
गेली.
सुंदर गेली. कुणी टाळ्याही वाजवल्या.
टाळ्या थांबल्या तरी ती वर येईना.

"रेडिओ कुठला?" ओनोनं विचारलं.
नवा, म्हटलं, दुकानातला सगळ्यात महाग,
विमानंसुद्धा उडतात त्यावर.
"विमानं," तो म्हणाला,
आणि टोपी काढून बराच वेळ डोकं खाजवत राहिला.
हवेत मैलभर धावणारी लाट
पाण्यात वीतभर उतरली की मुकी होते,
हे त्यानं त्या दिवशी सांगितलं नाही.
होडी काढली, दोरीला गळ बांधला,
आणि अंधार पडता पडता
माझी पाणबुडी शेवाळाची दाढी लावून वर आली.

झाकण उघडलं. आत पेलाभर तळं.
रबरी कडीखाली एक केस अडकलेला,
माझाच, पांढरा.
तेवढ्या फटीतून पाणी आलं होतं
घाई न करता, घरच्यासारखं.

त्या हिवाळ्यात मी आणखी बरंच चुकले.
शिसं वरच्या बाजूला चिकटवलं,
तर ती मेल्या माशासारखी पोट दाखवून तरंगली.
सुकाणूची तार उलटी जोडली,
वर म्हटलं की खाली, खाली म्हटलं की वर;
माझा थोरला हिन्नर्क सोळा वर्षांचा असताना असाच होता.
टाकी अर्धीच भरली, तर आतलं पाणी
पुढे धावलं, मागे धावलं,
आणि नाक खाली घालून तिनं तळ गाठला.

ओनोच्या स्वयंपाकघरात चहा.
खडीसाखरेवर गरम चहा पडला की ती तडकते, तो आवाज.
मग चमच्यानं कडेकडेनं साय सोडायची:
साय आधी बुडते,
क्षणभर वाटतं गेली,
आणि तळातून ढग होऊन वर येते.
मी चमचा उचलला, त्यानं हात धरला.
"ढवळायचं नाही, गेशे.
ती काय करते ते आधी बघ."

त्याच संध्याकाळी त्यानं स्वतःचं सांगितलं.
पस्तीस वर्षं तो बंदराच्या झडपांवर,
खारं पाणी बाहेर, गोडं आत,
दोन्ही एकमेकांत मिसळू द्यायचं नाही, हीच नोकरी.
आणि एका उन्हाळ्यात समुद्रात वजन साधलेली पाणबुडी
त्यानं तशीच आणून तळ्यात सोडली.
गोडं पाणी हलकं. दगडासारखी गेली.
"मी, झडपवाला," तो म्हणाला.
खाणीत अजून आहे ती, कुठेतरी पोप्लरच्या बाजूला.
तिथून जाताना तो बोलणं थांबवतो.

उठताना त्यानं बिस्किटांचा डबा काढला.
आत टीपकागदाचे तुकडे, शेकड्यांनी,
प्रत्येकावर शाईची रेघ, प्रत्येकावर तारीख.
"बंद करण्याआधी दोन्ही टोकांना एकेक ठेव.
शाई जिथे पसरेल, तिथून पाणी आलं."
मी विचारलं, सगळेच भिजलेले कसे?
"कोरडे कशाला जपू?"

मार्चमध्ये पुन्हा खाण. जुना रेडिओ, लांब तार,
कडीला ग्रीस, केसांना रुमाल.
तीन बुड्या. तीनदा वर आली.
काठावर पालथी बसून मी झाकण उघडलं:
पुढचा तुकडा कोरडा.
मागच्याच्या उजव्या कोपऱ्यात
नखाएवढा निळा डाग.

ओनो वाकला, चष्मा वर केला.
"आता पत्ता मिळाला," म्हणाला,
आणि खिशातून पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली.
थंडीनं बोटं वाकत नव्हती.
तारीख तिरकी आली.
तशीच टिपून ठेवली.