तड्याची वही

सावळापूरच्या चर्चचा नकाशा बोटीतून आला,
बर्फ पडणाऱ्या मुलखातून.
म्हणून छप्पर इतकं उभं,
साचलेलं बर्फ आपोआप घसरावं.
आमच्याकडे त्यावरून वानरं घसरतात
ऐन उपासनेत,
आणि पाळक दोन ओळी थांबतात.

नकाशात पाया चार फूट.
बाळापूरचा बुऱ्हाण मिस्त्री म्हणाला होता म्हणे,
साहेब, हे माती जित्ती हाय,
पान्यानं फुगते, उन्हानं आकसते,
मुरूम लागे लोक खंदा.
लोगी साहेबाला मराठी येत होती,
पण शास्त्रातली.
त्यानं मान डोलावली
आणि चार फूटच खणलं.

साल छप्पनच्या दुष्काळाचं.
काळा दगड नदीपलीकडून डोक्यावर यायचा,
खेपेला ओंजळभर ज्वारी.
चुन्याच्या घाणीला बैल उरले नव्हते,
माणसांनीच चाक ओढलं.
बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात त्या वर्षी
एकशे बारा नावं, आडनावाशिवाय.
अठ्ठ्याहत्तरावं : चंद्री, वय अंदाजे नऊ,
कोणाची ते सांगता येत नाही.
गावात भांडण झालं की अजून कोणी म्हणतं,
ज्वारीचे ख्रिस्ती.
मी चंद्रीच्या लेकीचा नातू.
ओंजळ कोणाची मापली असेल,
साहेबाची की तिची,
एवढंच मला विचारावंसं वाटतं.

भिंती तीन फूट जाड, कमानी टोकदार,
पुलपीट मेळघाटच्या सागाचं, अजून वाळवी नाही.
आणि पश्चिमेच्या भिंतीत, गोल खिडकीखालून
बाप्तिस्म्याच्या कुंडापर्यंत
तडा.
अर्पणविधीनंतरच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात पडला.
पावसाळ्यात मिटला, तेव्हा लोक म्हणाले चमत्कार.
पुढच्या मे महिन्यात पुन्हा उघडला,
तेव्हा कोणी काही म्हणालं नाही.

शांतवन तायडे घंटा वाजवायचे, दिव्यांत तेल घालायचे.
त्यांनी वही घातली :

१९३१, मे. चांदीचा रुपया आत जातो.
१९३१, ऑगस्ट. पोस्टकार्ड जात नाही.
१९५८, एप्रिल. नवा पैसा घातला. पडला. निघत नाही.
१९७२, मे. करंगळी.
१९७२, ऑगस्ट. करंगळीच.

त्या ऑगस्टच्या ओळीपुढे पान कोरं आहे.

अठ्ठ्याऐंशीत अकोल्याचा इंजिनिअर आला,
सिमेंट भरून, पावती देऊन गेला.
तडा वीतभर डावीकडे सरकला.
अक्षर आता सत्वशीलाबाईंचं, शांतवनांच्या मुलीचं :
जुना बरा होता, ओळखीचा.

मी पोस्टातून रिटायर झालो
तेव्हा वही माझ्याकडे आली,
कुलपाची किल्ली आणि घंटेच्या ग्रीसचा डबा यांच्यासोबत.
पंचकमिटीत दरवर्षी ठराव येतो,
पाडून नवीन, स्लॅबचं, वर हॉल.
दरवर्षी पैशांशी अडतो.
मी दोन्ही बाजूंनी हात वर केलेला आहे,
वेगवेगळ्या वर्षी.

गेल्या नाताळानंतरच्या पहिल्या उपजाच्या रविवारी
वेदीपाशी ज्वारीची कणसं बांधली होती.
मुंग्यांनी दाणे कुठे नेले, कोण बघतं.
जुलैत तिसरा पत्रा गळला, भिंत ओलावली,
आणि तड्यातून, कुंडाच्या हातभर वर,
हिरवं पातं.
पाळकांनी उपटायला हात नेला,
मग त्याच हातानं चष्मा नीट केला
आणि शास्त्रपाठ चुकला तिथून पुन्हा धरला.
पोरं रविवारी मुद्दाम मागच्या बाकावर बसू लागली.
वीत झाली, दीड वीत झाली.
मी अकरा वेळा मोजली. तडा मोजायचा राहून गेला.

मग माती प्यायली तेवढी फुगली
आणि भिंत जवळ आली.

१७ ऑगस्ट. ब्लेड जात नाही.
ज्वारी बुडाशी चिमटली, पिवळी पडली.
तिसरा पत्रा बदलणे. खिळे आहेत, वायसर नाहीत.