शेऱ्याचा रकाना

रबाळ्याच्या त्या बिनखिडक्यांच्या इमारतीत
शिरताना आपला मोबाइल काढून घेतात.
माझा जातो हिरव्या पिशवीत, टोकन एकोणीस,
आणि हातात येतो ड्युटीचा फोन.
बटणांचा, पाठीला रबरबँड लावलेला,
कॅमेरा नाही, नेट नाही,
पाचचं बटण त्याच्या मर्जीने चालतं.

वर चार मजले भरून
जगाचं सगळं ठेवलंय म्हणतात.
कुणाचे पगार, कुणाच्या हळदीचे व्हिडिओ,
कुणी रात्री दोनला मागवलेली बिर्याणी.
मला त्यातलं काही दिसत नाही.
ऐकू येते ती गार हवा,
भिंतीमागे कुणी रात्रभर दळत बसल्यासारखी.

मी तळघरात, बॅटरी रूमच्या दाराशी,
अकरा ते सात.
खुर्ची एक, टॉर्च एक, चाव्या चौदा,
आणि फोनमध्ये साप.

मी त्याला साप म्हणत नाही. दिवड म्हणते.
गोठिवलीला आमचं खाराचं शेत होतं,
बांधावरून दिवड सरसरत जायची,
उघाडीत शिरली की पलीकडे निघायची.
सासरे म्हणायचे, रव्हदे गो तिला,
ती कुनाचा काय खातंय?
फोनमधलीही तशीच.
उजव्या भिंतीत शिरते, डावीतून येते,
तिच्याकडे कुणी ओळखपत्र मागत नाही.
फक्त खाऊन खाऊन लांब झाली
की तिला वळायला जागा उरत नाही.

एकदा रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात
सहज लिहिलं: १३१६.
दुसऱ्या रात्री त्याखाली खैरमोडेंचं अक्षर: १४०७.
खैरमोडे सकाळपाळीचे. आम्ही बोलतो ते चाव्यांपुरतं.
दुपारच्या डायसने आठवडाभर काही लिहिलं नाही,
मग एकदम २०३०,
आणि खाली दोन रेघा, पट्टीने मारलेल्या.

डिसले साहेब तपासणीला आले,
बोट ठेवून म्हणाले, हे आकडे कसले?
मी म्हटलं, तापमान, सर.
दोन हजार तीस?
खैरमोडे टोपी नीट करत म्हणाले,
बॅटऱ्यांचं, सर. आतलं.
साहेबांनी सही केली.

घरी साकेतच्या गेममध्ये सोनं आहे, ड्रॅगन आहे,
दर दोन मिनिटांनी दात घासायची जाहिरात आहे.
नेट संपलं की तो माझ्याकडे असा बघतो
जणू मीच प्यायले.
तुझ्या गेमला लेव्हल किती, आई?
एकच.
मग संपतो कधी?
मी चुकले की.

मागच्या मंगळवारी ठाणे-बेलापूर रोडला
जेसीबीने कुठलीशी केबल तोडली.
पावणेतीनला लिफ्ट वेड्यासारखी खालीवर.
एक पोरगा जिन्याने उतरला,
गळ्यात निळी पट्टी, पायात एकच मोजा,
माझ्या शेजारच्या पायरीवर बसला.
सगळं बंद आहे, मॅडम, म्हणाला.
पुण्यापर्यंत बंद आहे.
तिकडे खड्डा खणतायत, इथे मी काय करू?

माझी दिवड एकोणीसशे अठ्ठ्याण्णववर होती.
आयुष्यात पहिल्यांदा.
पोराचे हात थरथरत होते,
काही धरायला हवं होतं त्यांना.
मी फोन पुढे केला.

त्याने नवा डाव सुरू केला.
जुना पुसला गेला ते त्याला कळलं नाही,
मी सांगितलंही नाही.
चौऱ्याऐंशीला मेला. मग छप्पन्नला.
मग एकशे बाराला, आणि मोठ्याने हसला,
त्या तळघरात पहिल्यांदाच कुणी असं.
हे अजून चालतं?
म्हटलं, याला काय लागतं? चार्जिंग.
तेवढ्यात वरून कुणी हाक मारली,
तो पळाला, एका मोज्यावर.

सातला रजिस्टर भरलं.
चाव्या चौदा. टॉर्च एक.
शेरा: ११२, पाहुणा.

रात्री परत आले तेव्हा
खाली खैरमोडेंनी लिहून ठेवलं होतं:
पाहुण्याला वळायला शिकवा.